दात वयानं पडत नाहीत

मराठवाड्यात पन्नाशीच्या माणसाची दाढ हलायला लागली, तर घरात कुणी दचकत नाही. "आता वयच झालंय," एवढ्यावर विषय संपतो. लातूरच्या गंजगोलाईतला दुकानदार असो, उदगीरचा हमाल असो की किनवटकडच्या तांड्यावरची आजी. हलणारा दात जिभेनं चाळवत दिवस काढायचे, भाकरी दुधात कुस्करून खायची आणि एक दिवस तो दात हातात आला की सुटलो म्हणायचं. दात किडला तर ठणका लागतो, झोप उडते, माणूस रात्रीतून डॉक्टर शोधतो. हिरडीचा आजार मात्र दहा-पंधरा वर्षं चालला तरी बहुधा दुखत नाही. म्हणून तो कुणाला आजार वाटत नाही, वय वाटतं.

वय या आजाराला फक्त मुदत देतं. याचा पुरावा श्रीलंकेच्या चहामळ्यांत मिळाला. नॉर्वेचे दंतशास्त्रज्ञ हाराल्ड लो आणि त्यांचे सहकारी १९७० ते १९८५ या काळात तिथल्या ४८० मजुरांची तोंडं पुन्हा पुन्हा तपासत राहिले. या पुरुषांनी कधी ब्रश धरला नव्हता, दंतवैद्याचं तोंड पाहिलं नव्हतं. झाडून सगळ्यांच्या दातांवर थर होते, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी पंधरा वर्षांत त्यांच्या तीन वाटा झाल्या. ८ टक्के मजुरांचे दात झपाट्यानं सुटत गेले आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचं तोंड जवळपास रिकामं झालं. ८१ टक्क्यांत आजार मध्यम गतीनं सरकत राहिला. उरलेल्या ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्याच राहिल्या, पण दातांचा आधार काही सुटला नाही. काम तेच, अन्न तेच, वाढलेलं वयही तेच. फरक होता तो प्रत्येकाचं शरीर जंतूंना उत्तर कसं देतं याचा.

"आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात ब्रश धरला नाही, नव्वदीत ऊस सोलून खायचे," असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात भेटतो. ते आजोबा त्या ११ टक्क्यांतले. आपण कुठल्या टक्क्यात आहोत हे विशीत कळत नाही, आणि कळतं तेव्हा खालचे पुढचे दात विरळ व्हायला लागलेले असतात.

तोंडात होतं काय, ते क्रमानं पाहू. दात स्वच्छ घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर चढतो. काही तासांत त्याच्यावर जंतू वस्ती करतात. ही वस्ती चिकट असते, चूळ भरून निघत नाही. ती तशीच राहिली तर लाळेतलं कॅल्शियम तिच्यात साठून काही दिवसांत ती टणक व्हायला लागते. त्यालाच आपण किटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सगळ्यात जास्त साठतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. किटण स्वतः फारसं विषारी नसतं. पण ते खडबडीत असतं, त्यावर नव्या जंतूंना आयती जागा मिळते आणि ब्रशनं ते हलत नाही.

या जंतूंशी लढायला शरीर हिरडीच्या कडेला रक्त आणि पांढऱ्या पेशी पाठवतं. कडा लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येतं. इथवरचा आजार पूर्ण परतवता येतो. याच लो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुस इथं १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला सांगितलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू करताच आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीतून रक्त आलं म्हणून आपल्याकडे लोक त्या जागी ब्रश लावायचा सोडतात, किंवा दुकानातून जीवनसत्त्व 'क'च्या गोळ्या आणून चघळतात. जिथून रक्त येतं तिथेच मऊ ब्रशनं जास्त नीट घासायला हवं, हे बहुतेकांना उलटं वाटतं. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर किटण आत दडलेलं आहे असं समजावं. अंगावर काळेनिळे डाग, ताप किंवा नाकातूनही रक्त असेल, तर आधी फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासावं. ते प्रकरण हिरडीचं नसू शकतं.

काही लोकांत ही लढाई कडेवर थांबत नाही. दात हाडात थेट रुतलेला नसतो. बारीक तंतूंनी तो हाडाला बांधलेला असतो. सूज खाली उतरली की हे तंतू सुटतात, हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल फट तयार होते आणि शरीराच्याच प्रतिक्रियेत भोवतालचं हाड विरघळत जातं. नदीकाठच्या बाभळीखालची माती पुरात वाहून जावी आणि धडधाकट झाड आडवं व्हावं, तसं. म्हणून हिरडीच्या आजारात पडलेला दात पुष्कळदा कीड नसलेला, अखंड असतो. लोक तो हातात घेऊन नवल करतात. गेलेलं हाड सहसा परत येत नाही; काही ठरावीक आकाराच्या खड्ड्यांत शस्त्रक्रियेनं थोडंफार भरता येतं, इतकंच.

आता तंबाखू. हिरड्यांवरची परदेशी पत्रकं उघडली तर सगळीकडे सिगारेट. ते खरंच आहे: धुरातल्या निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत आजार मुरलेला असतानाही रक्त कमी येतं आणि ओढणारा खुशीत राहतो. पण २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे निघाले फक्त ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपला प्रश्न तळहातावर मळलेल्या तंबाखूचा आणि तव्यावर भाजलेल्या मिश्रीचा आहे. राज्यानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. साधी तंबाखू आणि चुन्याची डबी प्रत्येक टपरीवर आहेच.

चुना असतो तो तंबाखूतलं निकोटिन लवकर सुटावं म्हणून. तोच चुना ओठाच्या आतली नाजूक त्वचा भाजतो. बार जिथे रोज ठेवला जातो, बहुधा खालच्या ओठामागे किंवा एका गालात, नेमकी तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं पिवळसर मूळ उघडं पडतं आणि थंड पाणी झोंबायला लागतं. बाकीचं तोंड बरं असताना दोन-तीनच दातांची मुळं उघडी दिसली, की जाणता डॉक्टर विचारतो, "काका, पुडी कुठल्या बाजूला ठेवता?" तिथेच पांढरा, पुसून न जाणारा चट्टा दिसला तर हिरडी हा दुय्यम विषय होतो, तो चट्टा कर्करोगाच्या दृष्टीनं लगेच तपासायला हवा.

मिश्रीची गोष्ट याहून अवघड, कारण ती दात घासण्याच्या नावाखाली घरात येते. तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि सकाळी बोटानं हिरड्यांवर चोळायची. सुरुवात अनेकदा दाढदुखीनं होते; सासू किंवा शेजारची मावशी म्हणते, जरा लावून बघ. निकोटिननं थोडा वेळ बधिर वाटतं. मग ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, असं सुरू होतं. त्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणत नाही. तपासणीच्या वेळी "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर ती खरेपणानं "नाही" म्हणते. "मिश्री लावता का?" हा वेगळा प्रश्न विचारावाच लागतो. दुर्दैवानं तो प्रत्येक ठिकाणी विचारला जात नाही.

नांदेड हे सचखंड हुजूर साहिब या शीख तख्ताचं गाव. शिखांच्या खालसा आचारसंहितेत तंबाखू हा चार मोठ्या निषिद्धांपैकी एक, त्यामुळे या शहरात तंबाखूला पिढ्यान्‌पिढ्या हात न लावलेली घरं पुष्कळ आहेत. त्यांच्या वाट्याचा धोका नक्की कमी झाला. पण तंबाखू नाही म्हणजे हिरडीचा आजार नाही, असं समजू नये. रात्रीचा थर सकाळपर्यंत ठेवला तर आजाराला तेवढं भांडवल पुरतं.

मधुमेह हा दुसरा मोठा भिडू. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद घटते, जखम भरणं लांबतं, त्यामुळे हिरडीचा आजार जोर धरतो. उलट दिशेनंही रस्ता आहे. सगळ्या दातांभोवती खोल फटी असतील तर आतल्या सुजलेल्या पृष्ठभागाची बेरीज ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरू शकते. पायावर एवढी उघडी जखम असती तर मधुमेहाचा रुग्ण धावत दवाखान्यात गेला असता. ही तोंडात झाकलेली असते. तिथून रक्तात उतरणारी दाहक द्रव्यं इन्सुलिनचं काम अडवतात. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सुमारे ०.४ टक्के-बिंदूंनी खाली येते, असं अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब सांगतो. हा आकडा औषधाची गोळी बंद करण्याइतका नाही, पण फुकट सोडण्याइतका लहानही नाही. गोळ्या वाढवूनही साखर हटत नसेल, तर त्या रुग्णाचं तोंड उघडून बघायला हवं. दहापैकी किती ठिकाणी तसं होतं, हे ज्यानं त्यानं आपल्या अनुभवावरून ठरवावं.

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक छोटी, पण उपयोगी माहिती. अम्लोडिपिन ही बीपीची गोळी घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइननंही असं होतं. दात जितके अस्वच्छ तितका फुगवटा जास्त. गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना दाखवायचं, ते पर्याय देऊ शकतात.

गरोदरपणात संप्रेरकांच्या बदलानं हिरड्या थराला जास्त जोरानं उत्तर देतात, हळव्या होतात, रक्त येतं. "एका लेकरामागं एक दात जातोच" ही समजूत मात्र खोटी. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेत नाही. दात साफ करून घ्यायला चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. त्यात बाळाला धोका नाही.

किनवट तालुक्यात आणखी एक गुंता आहे. तिथल्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणी पोटात गेलं की पक्के दात तपकिरी पट्ट्यांचे येतात. हे डाग दाताच्या आत असतात. पण दिसतात मळासारखे, म्हणून पोरं लाजून ते राखेनं, मिठानं, विटेच्या भुकटीनं घासतात. डाग जात नाही; हिरडी सोलते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. फ्लोराइडचे डाग आणि हिरडीचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच्या लाजेतून हिरडीचं नुकसान ओढवून घेतलं जातं.

खरबरीत घासण्याविरुद्धचा इशारा आपल्या परंपरेत जुना आहे. वाग्भटानं दिनचर्येत तुरट, कडू, तिखट रसाच्या काडीनं दात घासायला सांगितलं, आणि त्याच दमात हिरडीला इजा होऊ देऊ नका हेही बजावलं. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे १५ रोग मोजले आहेत. त्यातल्या 'शीताद'चं वर्णन रक्त येणाऱ्या, मऊ पडलेल्या, वास मारणाऱ्या हिरड्यांचं आहे, आणि 'दंतवेष्ट'मध्ये पू, रक्त आणि हलणारे दात येतात. वर सांगितलेल्या दोन टप्प्यांशी ते तंतोतंत जुळवू नये, पण पाहणाऱ्यांनी पाहिलं होतं एवढं निश्चित. कडुलिंबाची वा बाभळीची काडी चावून तिचा मऊ कुंचा केला तर ती बाहेरून बरं काम करते. दाढांच्या आतल्या बाजूला आणि दोन दातांच्या मध्ये ती पोचत नाही, आणि हिरडीचा आजार बहुधा तिथेच सुरू होतो. ऊस खाल्ल्यानं दात साफ होतात, या मांजरा नदीकाठच्या विश्वासाचंही तेच: चावण्याचा पृष्ठभाग घासला जातो, हिरडीची कड नाही, आणि वर साखर शिल्लक राहते.

ब्रश मऊ हवा. केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवायचे आणि जागच्या जागी हलके हलवायचे. पेस्ट कुठलीही चालेल. लवंग, मीठ, कोळसा यांच्या जाहिरातींवर वाद घालण्यात अर्थ नाही, काम केस करतात. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा मोलाचं, कारण झोपेत लाळ आटते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आलेल्या रेल्वेच्या पाण्यावर लातूर जगलं, तेव्हाही या कामाला पेलाभर पाणीच लागत होतं. अडचण पाण्याची कधी नव्हती. दातांच्या फटींसाठी धागा किंवा बारीक ब्रश वापरावा. आजीच्या काळचं चांदीचं दातकोरणं आणि आजची सेफ्टी पिन या दोघांनाही टोक असतं आणि ते हिरडीतच शिरतं.

लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांत प्रवेश-परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक वेगळं प्रकरण सांगायला हवं. अपुरी झोप, ताण, सिगारेट आणि घासायचा कंटाळा एकत्र आले की तरुणांत एक तीव्र प्रकार होतो: दोन दातांमधली हिरडी कुरतडल्यासारखी होते, भयंकर दुखते, तोंडाला घाण वास येतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना तो इतका व्हायचा की त्याला खंदकाचं तोंड असंच नाव पडलं. हिरडीच्या आजारांच्या बिनदुखीच्या कुटुंबात हा मात्र दुखणारा. तो लवकर बरा होतो, पण कुरतडलेली हिरडी पूर्वीसारखी भरेलच असं नाही. 'नीट' परीक्षेची तारीख जवळ आली म्हणून त्याला दोन आठवडे पुढे ढकलू नये.

उपचाराला लोक जात नाहीत, त्यामागे एक पक्की भीती आहे: मशीननं दात साफ केले की ते ढिले होतात. या भीतीला निरीक्षणाचा आधार आहे, म्हणून नुसतं हसून ती जात नाही. खालच्या दातांमागे किटणाची भिंत तयार झालेली असते, आणि हाड गेलेल्या दातांना ती बाहेरून धरून ठेवते. भिंत काढली की आधीच सुटलेले दात हलताना जाणवतात. सूज उतरल्यानं हिरडी आक्रसते, फटी दिसतात, काही दिवस थंड झोंबतं. सफाईनं दात ढिले केले नाहीत. ते किती ढिले होते हे उघड केलं. सफाईआधीच डॉक्टरांनी हे सांगितलं तर निम्मी भांडणं टळतील. दाढ काढली की नजर जाते, ही समजूत मात्र निव्वळ बिनबुडाची. दाताच्या आणि दृष्टीच्या नसा वेगळ्या.

हिरडीच्या आजारासाठी दंतमहाविद्यालयांत स्वतंत्र विभाग असतो. लातूरला अंबाजोगाई रस्त्यावर एमआयडीएसआर, नांदेडला नांदेड रुरल डेंटल कॉलेज, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय. शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जातो आणि पैसे कमी लागतात. खाजगी दवाखाना असो की कॉलेज, तपासणी नीट झाली की नाही ते रुग्णाला ओळखता येतं. डॉक्टर बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडीत घालतात आणि आकडे मोठ्यानं सांगतात. १ ते ३ ठीक. ४ किंवा ५ म्हणजे फट तयार झाली. ६ आणि त्यापुढे खोल फट. तिथे बधिर करून मुळांची सफाई करावी लागते आणि एक्स-रेमध्ये हाड किती उरलंय ते पाहावं लागतं. सहा-आठ आठवड्यांनी परत मोजतात. फट तशीच राहिली तर हिरडी उघडून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया. खोल फटींत जंतूंची वस्ती साधारण तीन महिन्यांत पुन्हा बसते, म्हणून अशा रुग्णाला दर तीन महिन्यांनी बोलावतात, आणि दुखत नसल्यामुळे तो नेमका दुसऱ्या भेटीला येत नाही. पहिल्या भेटीतल्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा आणि रेशनकार्डाच्या फायलीत लावून ठेवावा. ६ चा ४ झाला की ७, हे पुढच्या वेळी त्याच कागदाशी ताडून कळतं.